मूत्रपिंडाची धमनी आणि बाजाराचे निदान

मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडाची फसगत होते. साऱ्या शरीरातच रक्ताचा दाब घटला आहे अशा समजुतीने ते रेनिन नावाचे द्रव्य अधिक सोडते आणि रक्तदाब चढू लागतो. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या मूत्रपिंड-धमन्यांना चिमटे लावून असा रक्तदाब प्रयोगाने निर्माण करून दाखविला. त्यातून एक सरळ तर्क निघाला: नळी अरुंद असेल तर ती रुंद करावी. १९७८ मध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी फुग्याने ही धमनी रुंदावल्याचे प्रसिद्ध केले. पुढे फुग्याच्या जोडीला धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आली आणि तिच्यामागोमाग बाजारही आला.

तर्क सरळ असला म्हणजे तो सर्वत्र खरा असतोच असे नाही. उतारवयात चरबीच्या थरांनी धमनी अरुंद होते, अशा रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘ॲस्ट्रल’ चाचणीत ८०६ रुग्ण होते. २०१४ मधील अमेरिकेच्या ‘कोरल’ चाचणीत ९४७. औषधांच्या जोडीला स्टेंट बसविल्याने रुग्णांचे आयुष्य वा मूत्रपिंडाचे कार्य औषधोपचारापेक्षा अधिक सुरक्षित झाल्याचे दोन्हींत दिसले नाही. ‘ॲस्ट्रल’मध्ये तर धमनी रुंदावण्याच्या उपचाराशी निगडित गंभीर गुंतागुंत २३ रुग्णांत झाली आणि त्यांपैकी दोघे दगावले.

मग अशा उपचाराचा मोह सुटत का नाही? केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवा ही भाजीपाल्यासारखी वस्तू नव्हे. येथे काय विकत घ्यावे हे गिऱ्हाईक ठरवीत नाही, विकणाराच ठरवितो. चित्रात दिसणारी अरुंद धमनी रुग्णाला घाबरविते आणि रुंद झालेली धमनी त्याचे समाधान करते. मात्र रुंदावलेली धमनी म्हणजे बरा झालेला रुग्ण नव्हे. एका प्रक्रियेचे बिल मोठे होते. रोजची रक्तदाबाची गोळी, कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध आणि तंबाखू सोडविण्यासाठी खर्ची घातलेला अर्धा तास यांतून कोणाचाही नफा वाढत नाही. राज्यसंस्थेनेही हाच कल उचलला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च उचलते. बाह्यरुग्णाच्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या गोळ्यांचा नाही. तारेला पैसा आहे, गोळीला नाही.

तथापि ‘स्टेंट म्हणजे लूट’ एवढी घोषणा देऊन समाजवाद्यांचे भागणार नाही. फुप्फुसात वारंवार अचानक पाणी भरणारा, अनेक औषधांनाही न जुमानणाऱ्या रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंड झपाट्याने खालावणारा रुग्ण निराळा. त्याला स्टेंटचा उपयोग होऊ शकतो. आणि भारताचे चित्र ब्रिटन-अमेरिकेहून वेगळे आहे. येथे तरुणांत ही धमनी अरुंद होण्याचे एक प्रमुख कारण ताकायासूचा धमनीदाह हे आहे आणि तो मुख्यतः तरुण स्त्रियांना ग्रासतो. दाह औषधांनी शमवून योग्य वेळी फुग्याने धमनी रुंदावली तर अशा मुलीचे मूत्रपिंड वाचू शकते. म्हणजे ज्याला गरज नाही त्याच्या धमनीत जाळी बसते आणि जिला गरज आहे तिचे निदानच होत नाही!

या निदानाचा आरंभ कोट्यवधींच्या यंत्राने होत नाही. दोन्ही मनगटांची नाडी पाहणे, दोन्ही दंडांवर व गरज पडल्यास पायावरही रक्तदाब मोजणे आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून रक्ताचा घोंघावणारा आवाज ऐकणे, एवढ्याने संशय बळावतो. हाताकडील धमनीच बंद असेल तर एकाच दंडावरचे मोजमाप फसवे ठरते. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड लहान दिसले तर डॉप्लर तपासणी करावी. पंचविशीतील शेतमजूर स्त्रीचा रक्तदाब चढलेला असता तिला ‘टेन्शन घेऊ नको’ असे सांगून परत पाठविणे हा निदानाचा नव्हे, व्यवस्थेचा आजार आहे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. म्हणून कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यात तीन मागण्या धसास लावाव्यात: प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही दंडांवर रक्तदाबाची नोंद, रक्तदाबाची औषधे व क्रिएटिनिनची तपासणी अखंड आणि मोफत, आणि सार्वजनिक पैशातून बसविलेल्या प्रत्येक स्टेंटमागचे कारण लेखी व त्याचा परिणाम जाहीर. धमनी कोणाची उघडायची हे रोगाने ठरवावे, तिजोरीने नव्हे.