डेलियाचा कंद आणि घरातील जयणा

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनाला जाणारा रसिक मोठ्या डेलियापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. जेवणाच्या ताटाशी स्पर्धा करणारे ते फूल आपल्याही गच्चीत फुलावे, असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु डेलियाचा कंद घरी आला की अनेक जैन कुटुंबांत ज्येष्ठ मंडळी विचारतात, ‘‘ज्या घरात कांदा, बटाटा, सुरण वर्ज्य, त्या घरात कंद लावावा का?’’

प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. कंदमुळांना आपल्याकडे अनंतकाय मानले जाते. शिवाय खणताना मातीतील जीवांची विराधना होते. डेलिया खाण्यासाठी लावत नाहीत, एवढ्या उत्तराने शंका पुरती फिटत नाही. कारण कंद कापणे आणि उपटणे हे बागकामातही येतेच. ज्यांनी व्रत घेतले आहे, त्यांनी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. ज्या घरात मान्यता आहे, तेथे जयणा कशी राखता येईल, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या उंच, थंड प्रदेशातील. तेथून तो माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोहोचला आणि १७९१ मध्ये अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. १९६३ पासून ते मेक्सिकोचे राष्ट्रीय फूल आहे. भिवंडीजवळच्या दापोड्यासारख्या दमट आणि भरपूर पावसाच्या गावात त्याला मानवतो तो फक्त हिवाळा. म्हणून पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास लागवड करावी. नाताळापासून फुले दिसू लागतात आणि मार्चच्या उन्हात हंगाम संपतो.

कंद निवडताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बटाट्याला सर्वांगावर डोळे असतात. डेलियाला ते केवळ जुन्या खोडाला चिकटलेल्या मानेवर असतात. मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी उगवत नाही. डोळे असलेला छोटा झुबका न कापता अखंडच लावावा. अधिक रोपे हवी असल्यास कंदाचे तुकडे करण्याची गरज नाही. कोंब बोटभर उंच झाले की त्यातील एक-दोन कोंब खुडून ओल्या वाळूत, सावलीत लावावेत. त्यांना मुळे फुटतात.

लागवड जमिनीत न करता बारा इंची कुंडीत करावी, म्हणजे पुढे खणण्याचा प्रसंगच येत नाही. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू हे मिश्रण पुरते. येथे सावध राहावे : फुलझाडांसाठी मिळणाऱ्या तयार खतात पुष्कळदा हाडांचा चुरा असतो. विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. त्याऐवजी रॉक फॉस्फेट, निंबोळी पेंड आणि थोडी लाकडाची राख वापरावी. आधाराची काठी आधी रोवावी आणि मग कंद ठेवावा. नंतर खुपसलेली काठी कंदात घुसते. कंदावर चार बोटे माती घालावी आणि कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे दक्षिणेची गॅलरी उत्तम. पाच-सहा तास ऊन हवे. पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. गोदामांकडे जाणाऱ्या वाहनांची धूळ पानांवर बसते. ती सकाळी ओल्या फडक्याने हलकेच पुसावी. धुळीने माखलेल्या आणि कोरड्या पडलेल्या झाडावर कोळी किडीचा जोर वाढतो. फवारणीची वेळच येऊ न देणे ही खरी जयणा. त्यासाठी कुंड्यांत अंतर ठेवावे, खत अति घालू नये आणि पिवळी पाने वेळीच काढावीत. मावा दिसलेले पान अलगद तोडून दूरच्या झुडपाखाली ठेवावे.

फूल मिळवणे त्यामानाने सोपे. कठीण आहे ते कंद पुढच्या वर्षापर्यंत टिकवणे. फूल हे व्याज, कंद हे मुद्दल. मार्चनंतर पाणी हळूहळू तोडावे, पाने वाळू द्यावीत आणि खोड वीतभर ठेवून कापावे. कंद उपटूच नये. कोरडी झालेली कुंडी पावसाची झड पोहोचणार नाही अशा सावलीच्या कोपऱ्यात, विटांवर आडवी ठेवावी. जून ते सप्टेंबर हे चार महिने कसोटीचे. भिंतीची ओल लागली तर कंद कुजतो. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवला तर सुरकुततो. कुंडीवर जातीचे नाव आणि तारीख लिहावी, महिन्यातून एकदा माती चाचपून पाहावी.

गणपतीनंतर कुंडी उभी करून किंचित पाणी शिंपडावे आणि आठ-दहा दिवस वाट पाहावी. काही कंद गेलेले आढळतील. त्याने खट्टू होऊ नये. उरलेल्यांच्या मानेवर लालसर डोळे फुगू लागले की समजावे, पावसाळा निभावला. त्या वेळी वरची दोन बोटे माती ओंजळीने बाजूला सारून नवे शेणखत घालावे आणि काढलेली माती, तिच्यातील गांडुळांसह, दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी सावलीत पसरावी.