न्यायालयाने बोट दाखवले संसदेकडे. आता संसदेने बोलावे!



१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. कायदा करणे हे संसदेचे काम, असे सांगितले. सरकारचाही युक्तिवाद तोच होता. मग संसद हा विषय हाती का घेत नाही? आम्ही समलिंगी मतदार हा प्रश्न उघडपणे विचारत आहोत.

एप्रिल २०२२मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते मतदानापर्यंत पोहोचलेच नाही. लोकसभेची मुदत संपली, तसे तेही संपले. १९७० नंतर आपल्याकडे एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही.

न्यूझीलंडमध्ये मात्र झाला. तिथल्या लुईसा वॉल या उघडपणे समलिंगी असलेल्या माओरी खासदार होत्या. पक्ष विरोधी बाकांवरचा, विवाहसमानतेचे त्यांचे विधेयक खासगी. सदस्यांनी पक्षादेशाविना, सदसद्विवेकाने मते दिली. सत्ताधारी पंतप्रधान जॉन की यांनीही बाजूने मत दिले. १७ एप्रिल २०१३ रोजी ७७ विरुद्ध ४४ मतांनी विधेयक मंजूर झाले. तिथे समलिंगी जोडप्यांनाही ‘सिव्हिल युनियन’ची सोय आधीपासून होती. तरीही वॉल यांनी लग्नाचाच हक्क मागितला, कारण वेगळ्या रांगेत उभे करून दिलेला हक्क समान नसतो.

आमच्या मागणीला सरकारने न्यायालयात ‘शहरी उच्चभ्रूंचा’ विचार म्हटले. वॉल निवडून आल्या त्या ऑकलंडच्या दक्षिणेकडील मनुरेवा या कष्टकऱ्यांच्या मतदारसंघातून. आम्हीही गावांत, चाळींत, कारखान्यांत, शेतांवर आहोत. आमची संख्या कमी दिसते, कारण उघड बोलणाऱ्याला आजही घर सोडावे लागते.

२०२४मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडता येईल, एका शिधापत्रिकेवर नाव लावता येईल, असे स्पष्ट केले. त्याचे स्वागत. पण परिपत्रक उद्या मागे घेता येते. खात्यावर नाव असले तरी वारसाहक्क मिळत नाही, कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही, दोघांच्या नावे मूल दत्तक घेता येत नाही. वीस वर्षे एकत्र संसार केलेला माणूस जोडीदाराच्या मृत्यूनंतर कायद्याने परकाच ठरतो.

समाज तयार नाही, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राकडे पाहावे. सत्यशोधकांनी पुरोहिताविना लग्ने लावली, तेव्हा समाज तयार होता काय? राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाला कायद्याचे बळ दिले, तेव्हा सगळ्यांची संमती घेतली होती काय? कायदा पुढे गेला, म्हणून समाजाला वाट मिळाली.

आमच्या मागण्या:

१. विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक सरकारने स्वतः मांडावे.

२. त्यावर पक्षादेश न काढता खुले मतदान घ्यावे.

३. सर्व पक्षांनी उघडपणे समलिंगी असलेल्या कार्यकर्त्यांना उमेदवारी द्यावी. आमच्या संसाराचा निर्णय होताना सभागृहात आमचाही आवाज हवा.

या कायद्याने कुणाच्या धर्मविधीला हात लागत नाही, कुणाचे लग्न मोडत नाही. आपल्या खासदाराला पत्र लिहा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा: विवाहसमानतेच्या बाजूने मत देणार की विरोधात? ‘हो’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट उत्तर घेतल्याशिवाय त्याला पुढच्या दारी जाऊ देऊ नका.

— विवाहसमानता मागणारे आम्ही मतदार