‘फ्युचरामा’तली ती सावली चूक नव्हे



‘फ्युचरामा’ या विज्ञान-विनोदी कार्टून मालिकेतल्या विसंगतींवरचे गेल्या अंकातील पत्र वाचले. लेखकांना स्वतःचेच कथानक आठवत नाही, हा त्यातला आरोप पटला नाही.

१९९९च्या पहिल्याच भागात नायक फ्राय गोठणयंत्रात पडतो, तेव्हा टेबलाखाली एक सावली दिसते. ती निबलर या छोट्या परग्रहवासी पात्राची, हे २००३ साली उलगडले. नायिका लीला परग्रहावरची नसून पृथ्वीवरचीच म्युटंट, हे २००२मध्ये कळते. पण तिचे आईवडील त्याआधीच गटारातल्या म्युटंटांच्या गर्दीत दाखवले होते. हा विसरभोळेपणा कसा?

विनोदही असेच पेरलेले. ‘निंबस’ यानावरचा १७२९ हा आकडा गणितज्ञ रामानुजनांच्या किश्श्यातला: दोन धन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी सर्वांत लहान संख्या. २०१०च्या एका भागात मेंदूंच्या अदलाबदलीचा गुंता सोडवायला लेखक केन कीलर यांनी चक्क प्रमेय सिद्ध केले. ते स्वतः गणितातले पीएच.डी.

खटकणाऱ्या जागा आहेतच. हशासाठी तिथे नियम सर्रास वाकवतात. पण चूक काढण्यापूर्वी पुढचे भाग पाहावेत, एवढेच.

— एक वाचक, मंगला गौरी, वाराणसी