राज्य मिळाले, गावच्या कारभाराचे काय?



'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' ही आरोळी गिरणगावाने दिली. 106 हुतात्मे झाले, तेव्हा 1 मे 1960 ला राज्य आले. कशासाठी? नकाशावर रेघ ओढण्यासाठी? नव्हे! आपला कारभार आपल्या भाषेत, आपल्या दाराशी, आपल्या माणसांनी करावा म्हणून.

त्या दिशेने पावले पडली, हे कबूल केलेच पाहिजे. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. मालवणच्या माणसाची सरकारी कामासाठी रत्नागिरीची खेप टळली. 1992 च्या 73व्या आणि 74व्या दुरुस्तीने पंचायती-पालिकांना घटनेतच जागा मिळाली. मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही. आणि ती संपण्याआधी निवडणूक. बरखास्त केली, तरी सहा महिन्यांत निवडणूक!

मग घडले काय? मार्च 2022 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत संपली. त्याच महिन्यात मुंबई महापालिकेचीही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे खटले चालत राहिले, आणि दोन्हीकडे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला. लालबागच्या चाळीला नगरसेवक नव्हता, मालवणच्या वाडीला जिल्हा परिषद सदस्य नव्हता! आमचा कोकणी कामगार दोन्ही घरी बेवारस. गावची म्हातारी विचारते, ''आमचो साकव कधी होतलो?'' तिने धरायचे कोणाला? प्रशासक साहेब भला माणूसही असेल. पण मत मागायला त्याला तिच्या खळ्यात यावे लागत नाही. दुखणे ते हेच!

आरक्षण हा मागासांचा हक्क आहे. त्याचा निकाल लवकर लावा. पण त्यासाठी सगळ्यांचेच मत कुलपात का? अखेर मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला, तेव्हा कुठे चक्रे हलली. मुंबईने मत दिले ते जानेवारी 2026 मध्ये!

दिल्लीशी भांडून मिळवलेली सत्ता मंत्रालयात कोंडून ठेवण्यासाठी मिळवली नव्हती. ती जिल्ह्यात, तालुक्यात, ग्रामसभेत उतरलीच पाहिजे. हातात पैसा आणि अधिकार घेऊन उतरली पाहिजे.

गाववाल्यांनो, गणपतीला गावी जाल तेव्हा घरच्यांना सांगा: ग्रामसभा चुकवू नका. पैसा किती आला, गेला कुठे, उभे राहून विचारा. भोंगे गप्प झाले. आपण गप्प बसायचे नाही.

जय महाराष्ट्र!