आकडा कोण ठरवतं?

गेल्या बाजाराच्या दिवशी परंड्यात एका मेडिकलसमोर साठीच्या आतबाहेरच्या एक मावशी भेटल्या. पदराच्या गाठीतली चिठ्ठी सोडून त्यांनी दुकानदाराला दिली, गोळ्यांच्या पट्टीची किंमत ऐकली आणि म्हणाल्या, "अर्धीच द्या." मग माझ्याकडे वळल्या. "दादा, पंधरा दिसामागं उपकेंद्रात बाईंनी बीपी बघितला, १३४ व्हता. म्हनल्या, मीठ कमी करा, गोळी नगं. हितं डाक्टर म्हनत्यात तेवढाच हाय, पन आता नवा नियम आलाय, गोळी घ्याच. मग खरं कोन?"

दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर आहेत. आपल्या सरकारी कार्यक्रमात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेघ आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली. त्यासरशी तिथल्या प्रौढांमधलं रक्तदाबाच्या रुग्णांचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. लोक तेच, शरीरं तीच, फक्त रेघ खाली सरकली. तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने या नव्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली नाही. त्यांच्या आक्षेपांत एक असा होता: सूचनांचा भर ज्या 'स्प्रिंट' नावाच्या अभ्यासावर आहे, त्याचे एक प्रमुखच सूचना लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष आहेत. तो अभ्यास सरकारी पैशातून झालेला. कुणी कुणाकडून काही घेतल्याचा आरोप नव्हता. पण स्वतःच्या उत्तरपत्रिकेला स्वतःच गुण द्यायला कुणी बसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते मला पूर्ण पटतं.

हितसंबंध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येतं. ते तेवढंच नसतं. सल्लागार म्हणून मिळणारं मानधन असतं, भाषणाचे पैसे असतात, परिषदेचा प्रवासखर्च असतो; आणि वीस वर्षं ज्या औषधावर काम केलं त्यावरचा जीवही असतो. २००२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात मार्गदर्शक सूचनांच्या लेखकांची पाहणी छापून आली होती. उत्तर देणाऱ्या १०० लेखकांपैकी ८७ टक्क्यांचा औषध उद्योगाशी काही ना काही संबंध होता. त्या संबंधाचा स्वतःच्या शिफारशींवर परिणाम झाला असं ७ टक्क्यांना वाटत होतं. सहलेखकांवर झाला असेल का, या प्रश्नाला होकार देणारे मात्र १९ टक्के होते. माणूस किती सहज स्वतःला सोडून देतो, हे मला याहून नेमकं कुठे वाचायला मिळालेलं नाही.

हे सगळं दूर अमेरिकेतलं, असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे या. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयातून १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीत बार्शीसोबत आपले परंडा आणि भूम तालुके होते. त्याच बार्शीच्या डॉक्टरांनी टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर १९९९ पासून आपल्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, ५२ गट, चार प्रकार. काहींची विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी, काहींची पेशी बघणारी पॅप तपासणी, काहींची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. आणि ३१,४८८ बायांची अभ्यासातर्फे तपासणीच नाही, फक्त माहिती. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २००९ साली छापून आला. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू, व्हिनेगरच्या गटात ५६, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. त्या ६४ जणींचा विचार माझ्या मनातून जात नाही. बायांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला; तो झालाच पाहिजे होता.

दुसरीकडे टाटाच्याच डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या जणींवर व्हिनेगरची पद्धत वापरली आणि त्यांना मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. आता सांगा, कोणता आकडा धरायचा? केंद्र सरकारने २०१६ च्या आराखड्यात व्हिनेगरची पद्धत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिलं स्थान दिलं. दोन्हींमागे कारणं आहेत. पण आकडे स्वतःहून सूचना लिहीत नाहीत, माणसं लिहितात. एका बाजूला चार पैशांत मिळणारं व्हिनेगर, दुसऱ्या बाजूला कंपनीचं किट आणि यंत्र. अशा ठिकाणी टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाचा कुणाशी काय संबंध आहे, हे जाणून घेण्याचा पहिला हक्क आपल्या जिल्ह्यातल्या त्या बायांचा आहे. गेट्स फाउंडेशनने जिल्ह्यातल्या त्या अभ्यासाला पैसे दिले, हे शोधनिबंधातच लिहिलेलं आहे. पैसे कुठून आले ते असं उघड लिहिता येतं, त्यात कुणाचा कमीपणा नाही.

आपल्या देशात मात्र नियम अर्ध्यावर थांबतात. २००९ साली डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी घेऊ नयेत असा नियम झाला, आणि २०१६ मध्ये त्यातून डॉक्टरांच्या संघटनांना वगळण्यात आलं. सूचना, पुस्तिका, परिषदा तर या संघटनाच काढतात! मनात आणलं तर आपल्याला जमतं, हे बाळाच्या डब्याच्या दुधाबाबत आपण दाखवलं आहे. त्याबाबतच्या कायद्यातली २००३ ची दुरुस्ती सांगते की डबादूध बनवणाऱ्या कंपनीने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेला परिषदेसाठीही पैसे द्यायचे नाहीत. मग रक्तदाबाला, मधुमेहाला वेगळा न्याय का? माझी मागणी साधी आहे. उपचारांची कोणतीही सूचना निघाली की तिच्या पहिल्या पानावर, मराठीतही, समितीतल्या प्रत्येकाचे गेल्या तीन वर्षांतले कंपन्यांशी असलेले संबंध छापा. आणि अध्यक्ष असा नेमा ज्याचा असा संबंधच नाही.

मावशींना मी सांगितलं, गोळी आपल्या मनाने सोडू नका. आठवडाभरात उपकेंद्रात आणखी दोनदा बीपी बघून घ्या आणि ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. मग मी स्वतःच त्या डॉक्टरांना भेटलो. भला माणूस, रात्री बारालाही दार उघडणारा. नवा नियम त्यांना एका चर्चासत्रात कळला होता. टेबलाच्या खणातून त्यांनी तिथे मिळालेली गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली. समितीतल्या तज्ज्ञांची नावं होती, पदव्या होत्या, फोटो होते; संबंधांबद्दल एक ओळ नव्हती. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात 'शैक्षणिक साहाय्य' आणि एका कंपनीचं नाव. डॉक्टरांनी चष्मा वर केला, ते नाव वाचलं, मग टेबलावरच्या नमुन्याच्या पट्ट्यांमधली एक उचलून उलटी केली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत राहिले. "दोन वर्षं झाली ही माझ्याकडे आहे," ते म्हणाले.