जुन्या गाड्या रस्त्यावरच हव्यात

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तरी तिथल्या येझदी मोटारसायकली अजून धावतात. गिअरचाच दांडा आत दाबून उभा केला की त्याची किक होते. ही खुबी आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं प्रमाण जुने मेकॅनिक आजही जाणतात. अशा गाड्यांचे गट खेड्यापाड्यांतून सहलीला निघतात तेव्हा हे ज्ञान कामाला येतं; काचेआडची गाडी कुणालाच काही शिकवत नाही. टू-स्ट्रोक इंजिन धूर ओकतं, हा आक्षेप खरा. पण क्वचित बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा धूर रोजच्या वाहतुकीपुढे किरकोळच. आवाजाची तक्रार मात्र रास्त आहे; सायलेन्सर मोकळा करून गावातून जाणं ही निव्वळ मग्रुरी. तेव्हा सहलीला निघणाऱ्यांनो, मूळ सायलेन्सर लावा आणि दुरुस्ती वाटेतल्या गावातच करून घ्या.