मलनिःसारण म्हणजे काय ते आधी ठरवा, मग दर वाढवा



घरात किंवा सोसायटीच्या ऑफिसात मुंबई महापालिकेचे पाण्याचे बिल पडले असेल, ते काढा आणि शेजारी ठेवून हे पत्रक वाचा. बिलात जल आकार आहे आणि त्याला चिकटून मलनिःसारण आकार आहे. दुसरी रक्कम पहिलीच्या ७० टक्के आहे. हजार रुपयांचे पाणी वापरले की सातशे रुपये ते वाहून नेण्याचे. महिनोन्महिने आपण हे सतराशे रुपये भरतो आणि मनात धरतो ते हजारच. पाणी महाग झाले म्हणून आपण बोलतो, भांडतो. सातशे रुपयांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कारण संडासातून आणि मोरीतून गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते हे विचारायची आपल्याला सवयच नाही.

ती सवय आता लावून घ्यावी लागेल. येत्या काही वर्षांत हा आकार वाढवण्याची मागणी येणार, हे समोर दिसते आहे. कारण पुढे सांगतो. त्याआधी हा ७० टक्के म्हणजे काय, ते पाहू.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. तो पाण्याचा हिशेब झाला. ७० टक्के हा पैशाचा आकडा आहे आणि तो बांधलेला आहे पाण्याच्या दराला. तानसा, भातसा, वैतरणा या तलावांतून पाणी आणायचा खर्च वाढला आणि पाण्याचा दर चढला, की त्याच्या पाठोपाठ मैला नेण्याचा दरही चढतो. त्या वर्षी एक मीटर नवी मलवाहिनी पडली नसली तरी चढतो. पाण्याचा दर दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा प्रशासनाला २०१२ सालापासून आहे. म्हणजे मलनिःसारणाच्या दरवाढीसाठी वेगळे कारण द्यावेच लागत नाही, वेगळी चर्चा करावीच लागत नाही. सेवेचा दर सेवेच्या खर्चावर ठरावा एवढी साधी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच इथे होत नाही.

हे झाले पाण्याच्या बिलाचे. आता मालमत्ता कराचे बिल घ्या. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्याच्या कलम १४० मध्ये मालमत्ता करांची जंत्री आहे आणि तीत मैल्याच्या नावाने दोन कर आहेत: एक मलनिःसारण कर, दुसरा मलनिःसारण लाभ कर. ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांना पहिल्या कराऐवजी पाण्याच्या बिलातला आकार लागतो. लाभ कर मात्र मालमत्ता करात राहतो. तो भांडवली कामांसाठी आहे, झालेल्या आणि होणाऱ्याही. 'होणाऱ्या' हा शब्द नीट लक्षात ठेवा. जे गटार अजून खणलेले नाही, त्याचा लाभ आपल्याला मिळतो असे गृहीत धरून हा कर घेता येतो.

एकाच मैल्याला कर, लाभ कर आणि आकार अशी तीन नावे, आणि ही नावे बदलली की नियमही बदलतात. करापोटी काही परत मिळालेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. तो राज्यघटनेच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याने आकारला असला की पुरे. शुल्काचे तसे नाही. शुल्क घेणाऱ्याने त्या बदल्यात काहीतरी द्यावे लागते, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला. आपल्या बाबतीत घडते काय? पैसे वाढवायचे असले की सांगतात, ही सेवा आहे, सेवेला किंमत पडते. त्या पैशांचा हिशेब विचारला की सांगतात, हा कर आहे, करातून अमुक एका घराला अमुक मिळालेच पाहिजे असे नसते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. एकाच बिलावर दोन्ही देता येत नाहीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ज्याला आज आपण मलनिःसारण कर म्हणतो, त्याचे १८८८ च्या कायद्यातले मूळ नाव होते हलालखोर कर. हलालखोर म्हणजे कष्टाची खाणारा. घराच्या मागच्या गल्लीतून येऊन टोपलीतला मैला उचलून नेणाऱ्या माणसाला हे नाव होते. त्या व्यवस्थेचे कौतुक कोणी करू नये. एका जातीच्या डोक्यावर साऱ्या शहराची घाण लादणारी ती व्यवस्था होती. पण कराच्या नावातच काम करणारा माणूस होता, त्यामुळे पैसे कशाचे याबद्दल कोणाला शंका नव्हती. माणूस आला नाही तर घरमालक पालिकेच्या दारात जाऊन उभा राहू शकत होता. नाव बदलले, टोपली गेली, जमिनीखाली नळ आले आणि सेवा नजरेआड झाली.

हा कर कोणत्या मिळकतीवर लावायचा, ते त्याच कायद्याचे कलम १४२ सांगते. त्यात दोन वाटा आहेत. संडास, मोरी, न्हाणीघर किंवा स्वयंपाकाची जागा नळीने पालिकेच्या गटाराला जोडलेली असेल, तर कर लागतो. किंवा मग आयुक्तांनी जाहीर सूचना काढली असेल, की या भागातला मैला पालिकेमार्फत गोळा केला जाईल, वाहून नेला जाईल आणि त्याची विल्हेवाट लावली जाईल, तर त्या भागातल्या मिळकतींवर कर लागतो, जोडणी असो वा नसो.

शब्द पाहा: गोळा करणे, वाहून नेणे, विल्हेवाट लावणे. पालिकेने ज्याचे पैसे घ्यायचे, ते काम कायद्यानेच सव्वाशे वर्षांपूर्वी तीन क्रियापदांत मांडून ठेवले आहे. पहिल्या दोन क्रियापदांवर आमचा फारसा वाद नाही. मुंबईच्या मोठ्या भागात मैला गोळा होतो, उदंचन केंद्रापर्यंत जातो, आणि त्या कामात रात्रंदिवस राबणाऱ्यांचे ऋण आम्ही मानतो. वाद आहे तिसऱ्या क्रियापदावर.

१८८८ साली विल्हेवाट म्हणजे समुद्र होता. आता नाही. १९७४ साली जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा आला आणि प्रदूषण मंडळाच्या अटी पाळल्याशिवाय सांडपाणी नदीत, खाडीत, समुद्रात सोडता येणार नाही असे ठरले. तेव्हापासून विल्हेवाटीचा अर्थ शुद्धीकरण असाच होतो. तरीही वरळी आणि वांद्रे इथल्या केंद्रांत वर्षानुवर्षे चालत आले ते एवढेच: जाळीने चिंध्या, प्लास्टिक अडवायचे, रेती खाली बसू द्यायची आणि उरलेले पाणी साडेतीन किलोमीटर लांब नळातून समुद्रात सोडायचे. मालाडचे पाणी अशाच जुजबी प्रक्रियेनंतर खाडीत. घाटकोपर, भांडुप, वर्सोव्याला हवा घालून पाणी तळ्यांत ठेवण्याची जुनी पद्धत. कुलाब्याला रोज ३७ दशलक्ष लिटरचे चांगले नवे केंद्र झाले आहे. शहराला रोज ३,८५० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्याचे ८० टक्के काढा आणि त्यात हे ३७ कुठे बसतात ते पाहा.

शिवाय सगळा मैला मलवाहिनीत जातच नाही. आपण बोलताना सगळ्यालाच गटार म्हणतो, पण पालिकेकडे मलवाहिनी वेगळी, पर्जन्य जलवाहिनी वेगळी, दोन्हींची खाती वेगळी. पावसाचे पाणी नेण्यासाठी बांधलेल्या नाल्यांतून मार्च-एप्रिलच्या कडक उन्हातही काळे पाणी वाहते, ते पावसाचे नसते. मिठी, पोईसर, दहिसर, ओशिवरा या चार नद्या आहेत. आपल्या मुलांना त्या नाले म्हणूनच माहीत आहेत. ज्या वस्तीचा मैला नाल्यात जातो त्या वस्तीला मलनिःसारणाची सेवा मिळते काय? आमच्या मते नाही. नळी आहे, पाणी उतारावरून जाते, वास पुढच्या वस्तीला येतो. याला सेवा म्हणायचे असेल तर घरातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात टाकणे हीसुद्धा सफाईच झाली.

आणि ज्यांच्याकडे नळीही नाही त्यांचे काय? शहरातल्या अनेक सार्वजनिक शौचालयांखाली मलवाहिनी नाही, सेप्टिक टँक आहे. महिन्याचा पास काढून, सकाळी रांगेत उभे राहून माणसे ती वापरतात. टाकी भरली की गाडी बोलवायची. गाडी यायला उशीर झाला की मैला गल्लीत. २०१७ साली मानखुर्दला आणि २०१८ साली भांडुपला अशा शौचालयांची जमीन खचली, आतली माणसे टाकीत पडली आणि मेली. प्रातर्विधीला गेलेली माणसे परत आली नाहीत. मुंबईत, या शतकात. ज्या शहराच्या बिलांवर मलनिःसारणाची वेगळी ओळ छापलेली असते, त्याच शहरात. एवढे वाचून ज्यांना राग येत नाही त्यांच्यासाठी हे पत्रक नाही.

टाकीत आणि मॅनहोलमध्ये उतरवली जाणारी माणसे तर कोणत्याच बिलात नसतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी ठेकेदारांकडून, सोसायट्यांकडून, बांधकामांवर माणसे उतरवली जातातच. मलनिःसारणाचा दर ठरवताना यंत्रांचा, प्राणवायूच्या नळकांड्यांचा, प्रशिक्षणाचा, कायम नोकरीचा खर्च धरला पाहिजे. स्वस्त पडते म्हणून माणूस उतरवणारी सेवा आम्हाला नको. त्यापायी आमचे बिल वाढले तर वाढू द्या.

आता दरवाढ का येणार ते. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशी सात नवी प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर, खर्च २६,००० कोटींच्या घरात. ही केंद्रे हवीतच. पन्नास वर्षे उशिरा का होईना, तिसरे क्रियापद खरे होण्याची ही पहिली मोठी संधी आहे, आणि आम्ही तिच्या विरोधात नाही. पण कामाचे आदेश निघाले ते ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपल्यानंतरच्या काळात, जेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता आणि आयुक्त हेच प्रशासक होते. एवढा खर्च कोणाकडून, किती वर्षांत, कोणत्या प्रमाणात वसूल होणार, यावर लोकांच्या प्रतिनिधींनी उघड चर्चा करायला हवी होती. ती राहून गेली. केंद्रे सुरू झाली की ती चालवायला वीज लागेल, रसायने लागतील, माणसे लागतील. ७० चे ८० करा, ९० करा, असा प्रस्ताव तेव्हा येईल, आणि घाईत येईल.

पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांत राहणाऱ्यांनी आपला याच्याशी संबंध नाही असे समजू नये. २०१९ साली त्यांना मालमत्ता करातून माफी जाहीर झाली तेव्हा फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता. बाकीचे कर बिलात तसेच राहिले आणि माफी मिळूनही बिल आले कसे, म्हणून लोक चक्रावले. पूर्ण मालमत्ता कर गेला तो १ जानेवारी २०२२ पासून. पाण्याच्या बिलातले ७० टक्के मात्र त्यांनाही सुटलेले नाहीत. घर लहान असले तरी मीटर चालतोच.

काही जण म्हणतात, जोडणी नाही त्याने एक पैसाही देऊ नये. आम्ही तसे म्हणत नाही. शहर एक आहे. धारावीचा मैला शुद्ध झाला तर दादरच्या चौपाटीवर खेळणाऱ्या मुलालाही फायदा आहे, म्हणून भांडवली कामांचा भार सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे उचलावा. पण सेवेचा आकार म्हणून जे घ्याल ते मिळालेल्या सेवेचेच घ्या. मलवाहिनीला जोडलेल्या आणि जिचे पाणी शुद्ध होते अशा मिळकतीला पूर्ण आकार लावा. जोडलेल्या पण जिचे पाणी कच्चेच समुद्रात जाते तिला कमी लावा. जिथे सेप्टिक टँक आहे तिथे टाकी उपसण्याची गाडी ठरलेल्या तारखेला पालिकेने पाठवावी आणि तिचे वेगळे पैसे घेऊ नयेत. प्रत्येक बिलावर तीन गोष्टी छापा: ही मिळकत मलवाहिनीला जोडलेली आहे की नाही, तिचा मैला कोणत्या केंद्रात जातो, आणि त्या केंद्रातून गेल्या वर्षी किती पाणी शुद्ध होऊन बाहेर पडले. मलनिःसारणाच्या तिन्ही नावांखाली जमा झालेला पैसा आणि झालेला खर्च अंदाजपत्रकात एका पानावर, एकत्र दाखवा. आणि हे होईपर्यंत ७० टक्क्यांचा आकडा पुढे सरकवू नका.

वाचकहो, यासाठी मोर्चाची वाट पाहायची गरज नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर लिहिता येतो, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. आपल्या मिळकतीचा क्रमांक द्या आणि विचारा: आमची इमारत, आमची चाळ, आमच्या वस्तीचे शौचालय मलवाहिनीला जोडलेले आहे का? त्या मलवाहिनीचे पाणी कोणत्या केंद्रात जाते? आमच्या विभागातून गेल्या तीन वर्षांत मलनिःसारण आकार आणि लाभ कर म्हणून किती रक्कम जमा झाली? एवढे तीनच प्रश्न. अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयात करता येते. आलेले उत्तर सोसायटीच्या फलकावर, चाळीच्या जिन्यात, शौचालयाच्या दाराशी लावा, आणि त्याची एक प्रत आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या.

पत्रक वाचून झाले की शेजारच्या दारात सरकवा.